छत्र मोजले, जंगल मोजायचे राहिले

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात देशाचे वन व वृक्षाच्छादन २५.१७ टक्के आहे, आणि त्यावर सर्वत्र समाधान व्यक्त झाले. पण मोजले गेले ते काय? १ हेक्टर वा अधिक जमिनीवर १० टक्के वृक्षछत्र असले की ते वनाच्छादन, मग ती आमराई असो वा निलगिरीची लागवड! बंगळुरात घडलेला उपग्रह छत्र पाहतो. छत्राखालच्या झुडपांचा, रोपांचा आणि लहान वृक्षांचा थर त्याला दिसत नाही.

त्याच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ पासून मुदुमलाईत ५० हेक्टरांचा भूखंड अभ्यासासाठी राखला आहे. तेथे १ सेंटिमीटर व्यासाचे खोडही नोंदले जाते, कारण उद्याचा महावृक्ष आज तेवढाच असतो.

बिळीगिरीरंगन डोंगरांत हाच थर घाणेरीने व्यापला आहे. तिच्या दाट जाळीत देशी वृक्षांची रोपे तग धरीत नाहीत. वरचे छत्र हिरवे, म्हणून टक्केवारी अबाधित! वृद्ध वृक्ष कोसळतील तेव्हा त्यांची जागा कोण घेणार?

एवढा देश पायी मोजता येत नाही, हे मान्य. पण नमुना-पाहणी होतेच. तिचे निष्कर्ष मात्र आतल्या प्रकरणांत राहतात आणि मिरवतो तो छत्राचा आकडा. यापुढे प्रत्येक टक्केवारीशेजारी रोपांची आणि घाणेरीची स्थितीही छापावी. ज्या घरात म्हातारेच उरले आहेत, त्याला भरले घर म्हणू नये.