‘सही है’ म्हणता, पण कोणता?

वाशिमकर मित्रांनो, आज जरा स्पष्ट बोलतो. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

परवा बाजार समितीसमोरच्या टपरीवर गावाकडचे एक काका भेटले. सोयाबीनच्या पैशातले दीड लाख म्युच्युअल फंडात टाकले म्हणे. विचारलं, "काका, कोणत्या फंडात?"

"स्मॉल कॅप. स्मॉल म्हणजे लहान, मंग रिस्कही लहानच असन ना बाप्पा!"

आणि हे पैसे लागणार कधी? जूनमध्ये. बी-खताला अन् पोरीच्या फीला!

विकणाऱ्यानं काकांचा गैरसमज दूर केला नाही. कशाला करेल? फॉर्मवर सही झाली, त्याचं कमिशन सुरू झालं.

स्मॉल कॅपमध्ये लहान असते ती कंपनी, जोखीम नव्हे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सेबीनं फंडांचे प्रकार ठरवून दिले. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप, २५१ पासून पुढच्या स्मॉल कॅप. कंपनी जितकी लहान, तितके हेलकावे मोठे. २०१८ सालात निफ्टी ५० तीनेक टक्के वर गेला, तर निफ्टी स्मॉलकॅप १०० जवळपास २९ टक्के खाली आला. साल तेच, बाजार तोच, फरक फक्त प्रकाराचा.

म्हणून "म्युच्युअल फंड चांगला का वाईट?" हा प्रश्नच चुकीचा आहे. "बियाणं चांगलं का?" असं कोणी विचारतं का? सोयाबीन साडेतीन महिन्यांत घरी येतं, तूर थांबायला लावते. चार-सहा महिन्यांत लागणारा पैसा लिक्विड फंडासारख्या ठिकाणी. तिथं ९१ दिवसांपर्यंत मुदतीचेच रोखे असतात. सात-दहा वर्षं हात लावायचा नाही, तोच इक्विटीत. हायब्रिड म्हणजे आंतरपीक, दोन्हीचं थोडं थोडं.

आणि "डेट फंड म्हणजे एफडीच" हेही खोटं. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पल्टननं सहा डेट योजना एका रात्रीत बंद केल्या. लोकांचे पैसे पुढं मिळाले, पण हप्त्याहप्त्यानं. पेरणी तोवर थांबते का?

काही शहाणे म्हणतात, शेतकऱ्याला हे समजत नाही. अरे, जो माणूस बियाण्याच्या पिशवीवरची उगवणशक्ती वाचून घेतो, त्याला रिस्कोमीटर का नाही समजणार? सहाच पायऱ्या आहेत, ‘कमी’ पासून ‘अत्यंत जास्त’ पर्यंत. समजत नाही असं नाही, कोणी सांगतच नाही. ‘सही है’ ची जाहिरात घराघरात पोचली, प्रकार मात्र फॉर्मच्या बारीक अक्षरांतच राहिले.

माझं म्हणणं एवढंच. बँक असो की एजंट, सही घेण्याआधी प्रकार आणि जोखीम मराठीत, कागदावर लिहून द्या. आणि आपणही तीन प्रश्न विचारल्याशिवाय पेन उचलायचा नाही:

१. हा फंड कोणत्या प्रकारचा?
२. माझा पैसा कमीत कमी किती वर्षं ठेवावा लागेल?
३. रेग्युलर प्लॅन आहे की डायरेक्ट? रेग्युलरमध्ये तुमचं कमिशन माझ्याच पैशातून जातं ना?

उत्तर देताना समोरचा चुळबुळ करू लागला, तर राम राम करून सरळ घरी या.

काकांना पोस्ट वाचून दाखवली आहे. तुमच्या घरातल्या काकांनाही दाखवा.