स्तेलिओसने माइक खाली ठेवला

आमच्या सकाळच्या फिरायच्या कंपूत एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. या सदराच्या वाचकांना ते ठाऊक आहेत; बटाटेवड्यात लसूण किती असावा यावर माझ्याशी अबोला धरणारे ते हेच. हल्ली त्यांनी नवा उद्योग आरंभलाय. पहाटे साडेपाचला ग्रुपवर एक हिंदी गाणं टाकायचं आणि त्याखाली ते ज्यावरून उचललं ते अरबी, इटालियन नाहीतर स्पॅनिश गाणं. सोबतचा मजकूर ठरलेला: ‘आणखी एक चोर सापडला!’ या आठवड्यात पाळी शंकर-जयकिशनची आली. ‘घर आया मेरा परदेसी’ची चाल इजिप्तच्या उम्म कुल्सुमच्या एका जुन्या गाण्याची आठवण करून देते, यात शंका नाही. पण पहिला चहा पोटात जायच्या आत कुणाला चोर म्हटलेलं मला सोसत नाही. त्यातून चोर शंकर-जयकिशन असतील, तर पुढचा चहाही नासतो.

म्हणून मी त्यांना ‘मांदुबाला’ पाठवलं. गायक स्तेलिओस काझांत्झिदिस, मुक्काम अथेन्स, साल 1959.

सौ. मेथी निवडत बसल्या होत्या. मी आधी त्यांनाच ऐकवलं. बुझुकी नावाचं ग्रीकांचं लांब मानेचं तंतुवाद्य वाजायला लागलं तोवर त्यांचं लक्ष मेथीतच होतं. मग गडी गायला लागला आणि पहिली ओळ पुरी व्हायच्या आत त्यांचा हात थांबला. “अहो, हे तर लताबाईंचं!” लताबाईंचंच. ‘आवारा’तलं ‘आ जाओ तडपते हैं अरमाँ’. लताबाई जिथे नुसती आस लावून थांबतात, तिथे हा बाबा थेट टाहो फोडतो. “चांगलं गातोय,” सौ. म्हणाल्या, “पण याचं कुणी गेलंय का?” एवढं बोलून पुन्हा मेथी.

हकिकत थोडक्यात सांगतो. पन्नास-साठच्या दशकांत आपले हिंदी चित्रपट ग्रीसमध्ये कामगारवस्तीच्या थिएटरांत धो धो चालत. नर्गिस तिथे घरातली झाली होती, ‘मदर इंडिया’ने तिथेही भरपूर रडवलं. तिथल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी या चाली घेतल्या, ग्रीक शब्द बसवले आणि बऱ्याच रेकॉर्डवर संगीतकार म्हणून खुशाल आपली नावं छापली. ‘घर आया मेरा परदेसी’सुद्धा ग्रीक झालं. म्हणजे कैरोहून मुंबईला आलेली चाल पुढे अथेन्सला गेली आणि वाटेत कुणी कुणाला पावती दिली नाही. ‘मांदुबाला’ची गंमत तर आणखी पुढची. चाल नर्गिसच्या चित्रपटातली, नाव मधुबालाचं, संगीतकार म्हणून नाव स्वतः काझांत्झिदिसचं. शब्द इफ्तिहिया पापायानोपुलू या साठी ओलांडलेल्या बाईंचे. बाईंना पत्त्यांच्या जुगाराचा भारी नाद. गाणी लिहायच्या आणि रोख पैसे घेऊन विकून टाकायच्या, त्यामुळे किती रेकॉर्डवर त्यांचं नावच नाही. 2019 साली त्यांच्यावर चित्रपट निघाला तेव्हा कुठे नव्या पिढीला कळलं की आजीआजोबांच्या ओठांवरची एवढी गाणी हिची होती.

ग्रुपवर याचा परिणाम काय व्हावा? बँक अधिकारी गप्प बसतील अशी माझी भाबडी अपेक्षा. त्यांनी अर्ध्या तासात लिहिलं, “ग्रीसवर दावा लावला पाहिजे.” आपण घेतली ती चोरी आणि आपली गेली तर रॉयल्टी! एका सभासदाने तर वकील मेहुण्याचा नंबरही टाकला.

पण मला या काझांत्झिदिसचं वेगळंच कौतुक वाटतं आणि ते चोरीबिरीच्या पलीकडचं आहे. 1931 साली अथेन्सजवळच्या नेआ इओनियात, आशिया मायनरमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्तीत हा जन्मला. पोरवयात कापडाच्या कारखान्यात राबायचा. काम करता करता गायचा, ते ऐकून मालकाने त्याला गिटार घेऊन दिली. (आमच्याकडे कामावर गाणाऱ्याला मेमो मिळतो.) 1952 साली पहिली रेकॉर्ड आली आणि पडली; पुढची चालली आणि मग हा थांबलाच नाही. जर्मनीच्या कारखान्यांत गेलेल्या ग्रीक मजुरांनी तर त्याला देवच मानलं. मारिनेला या गायिकेबरोबर जोडी जमली, 1964 साली लग्नही झालं, दोन वर्षांत मोडलं. आणि त्याच सुमारास, 1965 साली, कीर्ती ऐन भरात असताना, वय जेमतेम 34, गड्याने नाइटक्लबमधून गाणं बंद केलं. तिथल्या दारुड्या गिऱ्हाइकांचा आणि दादा लोकांचा वीट आला, असं सांगतात. रेकॉर्ड काढत राहिला, पण क्लबच्या मंचावर पुन्हा पाऊल नाही. 2001 साली गेला, तोवर नाही. क्लबवाल्यांनी किती विनवण्या केल्या असतील! हा आपला होडी घेऊन मासे धरायला जायचा. पुढे 1975 नंतर रेकॉर्ड कंपनीशी करारावरून वाजलं, तर सुमारे 12 वर्षं नवी रेकॉर्डही नाही. तरी लोक विसरले नाहीत. 2024च्या अखेरीस त्याच्यावरचा ‘इपार्हो’ चित्रपट लागला, तेव्हा ग्रीसमधली थिएटरं भरून वाहिली.

आता मुद्द्याला येतो. गेल्या शनिवारी आमच्या सोसायटीचा वर्धापन दिन झाला. वर्गणीतून कॅराओकेची पेटी आली आहे, हे मी मागे लिहिलंच होतं. ती आल्यापासून आमच्याकडे श्रोता ही जात नामशेष झाली आहे. कार्यक्रम सातचा. साडेसातला एका गृहस्थांनी माइक हातात घेतला. एक झालं, दोन झाली. “तुमच्या आग्रहास्तव आणखी एक,” असं म्हणत तिसरं सुरू झालं. आग्रह कुणी केला हे शोधायला मी मागे वळून पाहिलं, तर मागच्या तीन रांगा पावभाजीकडे गेलेल्या. मुलं ताटकळत उभी, त्यांच्या नाचाचं गाणं पेनड्राइव्हमध्ये तसंच पडून. एका चिमुरडीच्या डोक्यावरचा मोरपिसांचा मुकुट घसरून नाकावर आला होता आणि ती तो दर दोन मिनिटांनी वर करत होती. गृहस्थांनी चौथ्याच्या आधी पाणी प्यायलं. पाणी पिताना माइक काखेत धरला होता. खाली ठेवला असता तर कुणी उचलला असता ना!

घरी आल्यावर मी सौ.ना म्हटलं, काझांत्झिदिससारखा माणूस वर्षाला एक तरी प्रत्येक सोसायटीत जन्माला यावा. त्यांनी तेवढ्यात फोनवर मारिनेलाची माहिती काढली होती. 1974 साली ग्रीसने युरोव्हिजनमध्ये पहिल्यांदा भाग घेतला, तो हिच्या गाण्याने. नवरा मंच सोडून गेला, ही गातच राहिली, आणि 2024च्या सप्टेंबरात, वयाच्या 86व्या वर्षी, अथेन्सच्या प्राचीन दगडी रंगमंदिरात भर कार्यक्रमात कोसळली. “हिलाही सांगणार होतात का, बाई, माइक ठेवा म्हणून?” मी नाही म्हटलं. तिच्यासाठी लोक पैसे मोजून पायऱ्यांवर बसले होते. आमच्या गृहस्थांसाठी आम्हाला दार आतून लावून बसवलं होतं. कधी थांबावं हे वयावर नाही, समोरच्या खुर्च्यांवर ठरतं. काझांत्झिदिसला भरलेल्या खुर्च्या सोडून जाता आलं. आमच्या गृहस्थांना रिकाम्या खुर्च्याही सोडवत नाहीत.

तेव्हा मी सेक्रेटरींकडे ठराव दिला आहे: यापुढे माणशी दोन गाणी, आणि मुलांचे नाच आधी. सेक्रेटरींनी तो वाचला, मान हलवली आणि कमिटीपुढे ठेवतो म्हणाले. कमिटीत सात जण आहेत. त्यांतले पाच जण गातात.