नदीचेही बियाणे राखावे लागते



गावरान ज्वारीची कापणी झाली की खळे सुरू होण्यापूर्वी तुम्ही एक काम न विसरता करता. टपोरी, भरलेली, निरोगी कणसे निवडून बाजूला काढता. ते पुढच्या वर्षाचे बियाणे. घरात दाण्याची कितीही ओढ असली तरी त्याला कोणी हात लावीत नाही. आता समजा, एखाद्याने उलट केले. टपोरी कणसे विकली, आणि बारीक, पोचट दाणा बियाण्याला ठेवला. तोही सतत वीस वर्षे. त्याच्या रानात काय पिकेल, हे तुम्हाला सांगायला नको. संकरित वाणाचे बी दुकानातून आणता येते, पण गावरान वाण एकदा बिघडला की बिघडलाच.

नदीतल्या माशाच्या बाबतीत आपण नेमके हेच करीत आलो आहोत.

माहूर-किनवट भागातल्या लोकांना पैनगंगा नवी नाही. नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवरून ती वाहते, पुढे वर्धा नदीला मिळते आणि तिचे पाणी अखेर गोदावरीत जाते. काठावरच्या भोई बांधवांचे पोट या पाण्यावर आहे आणि गरिबाच्या ताटातला सकस घासही याच पाण्यातून येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, डोहातली मरळ केवढी असे? ते हात पसरून दाखवतील. मग आज बाजारातल्या पाटीत पाहा.

तुम्ही म्हणाल, “साहेब, मासा काय गाय-म्हैस आहे? एका वेळी लाखांनी अंडी घालतो. थोडे मासे उरले तरी नदी पुन्हा भरेल.” यात निम्मे खरे आहे. रोहूच्या मादीला किलोमागे सुमारे दोन लाख अंडी असतात. शिवाय मासे कमी झाले की उरलेल्यांना खाद्य भरपूर मिळते, ते लवकर वाढतात आणि लवकर अंड्यावर येतात. विरळणी केल्यावर उरलेली रोपे जोमाने वाढतात, तसेच हे. निसर्ग आपली तूट अशीच भरून काढतो. परंतु विरळणी आणि उपटणी यांत फरक आहे. मासे एका मर्यादेपेक्षा कमी झाले की तूट भरून निघत नाही, उलट वाढतच जाते. याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण वयाचे. जाळ्यात आणि बाजारात मोठ्या माशाला मान, म्हणून आधी मोठा मासा संपतो. मागे उरतात पहिलारू माद्या. त्यांची अंडी थोडी असतात, बऱ्याच जातींत ती लहान असतात आणि पिल्लेही अशक्त निपजतात. २०१८ साली शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या ३४२ जातींचा हिशेब मांडला. अटलांटिक कॉड माशाची तीस किलोची एक मादी दोन-दोन किलोच्या अठ्ठावीस माद्यांपेक्षा जास्त अंडी देते, असे त्यातून दिसले. त्या अठ्ठावीस माद्यांचे एकूण वजन छप्पन्न किलो भरते, तरी त्या मागे पडतात. म्हणजे जाळ्यात वजन तेवढेच आले तरी नदीचे नुकसान तेवढेच नसते.

दुसरे कारण भेटीचे. बहुतेक मासे अंडी पाण्यात सोडतात, नर त्यावर आपले बीज सोडतो, आणि तिथेच फळणी होते. नर-मादी एकाच जागी, एकाच वेळी आले तरच हे साधते. नदीतल्या अनेक जाती त्यासाठी पहिल्या पुराची वाट पाहतात आणि पाण्याच्या उलट दिशेने ओढ्या-नाल्यात, उथळ जागी चढतात. मासे मोजकेच उरले तर ही गाठ पडणेच कठीण. शिवाय मोठे आणि लहान मासे एकदम अंडी घालत नाहीत, थोडे पुढे-मागे घालतात. त्यामुळे पावसाने मध्येच ओढ दिली तरी कुणाची तरी अंडी जगतात. सगळे एकाच वयाचे उरले, आणि नेमके त्या वेळी पाणी आटले, तर त्या वर्षाची पेरणीच बुडाली. आपल्याला दुबार पेरणी करता येते, माशाला ती सोय नाही.

तिसरे कारण वाणाचे, आणि सर्वांत गंभीर. पिढ्यान् पिढ्या मोठा मासा काढला तर लहानपणीच अंड्यावर येणारा, खुरटा मासा वाचतो आणि त्याचाच वंश वाढतो. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचा एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी एका लहान समुद्री माशाचे गट पाळले. काही गटांतून दर पिढीला सर्वांत मोठे नव्वद टक्के मासे काढले, तर काहींतून सर्वांत लहान नव्वद टक्के. चार पिढ्यांनंतर मोठे मासे काढलेल्या गटाचे सरासरी वजन दुसऱ्या गटाच्या जवळजवळ निम्मे भरले. ही बारीक कणसे पेरण्याचीच गत झाली.

हे प्रयोगशाळेपुरते नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासा इतका मिळे की १९६८ साली सुमारे आठ लाख टन मासा काढला गेला. पुढे मासा घटला, उरलेला लहान वयातच अंड्यावर येऊ लागला, आणि जुलै १९९२ मध्ये सरकारला मासेमारीच बंद करावी लागली. तीस हजारांहून जास्त लोकांचा रोजगार गेला. तिथली व्यापारी मासेमारी थोड्या प्रमाणात पुन्हा सुरू व्हायला २०२४ साल उजाडले. म्हणजे बत्तीस वर्षे! आपल्याकडेही पापलेट लहान येऊ लागले, अशी चिंता किनाऱ्यावर झाली. २०२३ साली शासनाने त्याला राज्याचा मासा म्हणून जाहीर केले. समुद्रात यांत्रिक नौकांना जून-जुलैत बंदी असते, ती याच कारणाने.

आता आपल्या मरळीकडे वळू. ही जात निराळी. पाणवनस्पतींत जागा करून नर-मादी अंडी घालतात आणि पिल्लांची राखण करतात. तांबूस पिल्लांचा पुंजका पाण्यावर हलताना तुम्ही पाहिला असेल. त्याच्या खालीच आई-बाप फिरत असतात. तिथे गळ टाकला की राखणदार हमखास सापडतो, पण मागचा सबंध पुंजका दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो. एक मासा ताटात आणि शेकडो वाया, असा हा व्यवहार आहे.

“पण मग आम्ही खायचे काय?” हा प्रश्न रास्त आहे. मासा खाऊ नका, असे मी म्हणत नाही. एवढे मात्र जरूर करा.

मृगापासून पुष्यापर्यंत, म्हणजे जून-जुलैत, चढणीच्या माशाला वाट द्या. नाल्याच्या तोंडाला आडवे जाळे लावू नका आणि काठ्या, पोती घेऊन पोरांना त्यावर सोडू नका. भगिनींनी या दिवसांत पोटात अंडी भरलेली मासळी घेण्याचा मोह टाळावा. गिऱ्हाईक नसले की विक्री आपोआप कमी होते.

मच्छरदाणीच्या कापडाचे जाळे वापरू नका. त्यात बोटाएवढे पिल्लूही सुटत नाही.

सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यापासून मनाई आहे. विजेचा प्रवाह सोडणे तर माशाबरोबर माणसाचाही जीव घेणारे आहे.

गावाने एक खोल डोह राखून ठेवावा. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा मोठा मासा डोहातच तग धरतो. महाडजवळच्या वाळण कोंडीत आणि वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या डोहात लोकांनी देवाच्या नावाने महसीर मासा राखला आहे. माहूरगडावर रेणुकामातेला आणि दत्तप्रभूंना नमस्कार करून नदीवर येणाऱ्या आपल्याला हे अवघड का वाटावे? ग्रामसभेत भोई बांधवांना विचारून, त्यांच्या संमतीने डोह ठरवावा. त्यांना वगळून घेतलेला ठराव टिकणार नाही.

आणि खाण्यासाठी शेततळ्यात मासा वाढवा. आठ-दहा महिने पाणी टिकत असेल तर कटला, रोहू, मृगल यांची बोटुकली सोडा. हेक्टरी पाच हजारांपासून सुरुवात करावी. हे मासे बंद तळ्यात आपसूक अंडी घालीत नाहीत, त्यांना वाहते पाणी लागते. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांना अंडी घालायला लावले, म्हणून आज मत्स्यबीज केंद्रातून बीज मिळते. चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी.

मात्र तळ्यातल्या रोहूने नदीतल्या मरळीची आणि वामेची जागा भरून निघणार नाही. नदीतल्या वाणाचे बीज कुठल्या पिशवीत मिळत नाही. ते नदीतच असते, मोठ्या मादीच्या पोटात. यंदा मृगाचा पहिला पूर आला आणि नाल्यात मासा चढताना दिसला, तर पोरांना काठावर उभे करून तो जरूर दाखवा, आणि पुढे जाऊ द्या.