बत्तीस हजार नारळींना पाणी कोणीं घातलें?



गेल्या जून महिन्यांत आमच्या शाळेंत एक म्हातारी बाई आली. एका हातांत नातवाचा हात, दुसऱ्या हातांत कागदांची पिशवी. म्हणाली, "मास्तर, पोराला जातीचा दाखला पाहिजे. याच्या पणज्याचें नांव शाळेच्या जुन्या बुकांत असेल तर नक्कल आणा, असें कचेरींत सांगितलें." मीं कपाट उघडलें, जुनें जनरल रजिस्टर काढलें, पिवळीं पानें एक एक करून पाहिलीं. नांव सांपडलें नाहीं. सांपडणार कसें? पणजा शाळेंत गेलाच नव्हता. तो दुसऱ्याच्या वाडींत नारळींना शिंपणें करीत होता. बाई मुकाट्यानें उठली, आणि दारांतून वळून म्हणाली, "त्यानें लावलेल्या नारळी अजून उभ्या आहेत, मास्तर. त्यांची नक्कल चालेल काय?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. तें आज या पत्रांतून देत आहें.

इतर मागासवर्गीयाला दाखला पाहिजे असेल तर १९६७ पूर्वींचा घराण्याचा कागद दाखवावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वींचा. म्हणजे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाटीला हात लावूं दिला नाहीं, त्यांच्याच नातवंडांनीं आतां पाटीवरचें अक्षर दाखवावें! ज्यांचीं नांवें कोणीं लिहिलीं नाहींत, त्यांच्याकडेच लिहिलेलें मागावयाचें, हा कोणत्या गांवचा न्याय? पण नुसत्या कचेरीला शिव्या देऊन भागणार नाहीं. हा रोग कचेरीपेक्षां फार जुना आहे, आणि त्याचा दाखला आपल्या सोपाऱ्याच्या इतिहासांतच आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यांत, एक मोठा लेख कोरलेला आहे. तो उषवदाताचा. हा क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई. काळ सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचा. या गृहस्थानें आपल्या दानधर्माची यादीच दगडावर लावली आहे. तीन लाख गाई दिल्या. सोळा गांवें देवांना व ब्राह्मणांना दिलीं. दरसाल एक लाख ब्राह्मणांना जेवूं घातलें. भडोच, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथें चौसोपी धर्मशाळा बांधल्या. दमण, तापी, डहाणूका वगैरे नद्यांवर फुकट नावा ठेविल्या. यांतलें शूर्पारक म्हणजे आपलें सोपारें, आणि डहाणूका म्हणजे आपल्या डहाणूची नदी. शिवाय नानंगोल गांवच्या बत्तीस हजार नारळी त्यानें चरक नांवाच्या साधूंच्या मंडळ्यांना दिल्या. त्यांतली एक मंडळी सोपाऱ्याच्या रामतीर्थावर होती. नानंगोल म्हणजे डहाणूच्या उत्तरेचें नारगोळ, असें अभ्यासक मानतात.

बत्तीस हजार नारळी! वाडीवाल्यांनो, हा आंकडा काय आहे, हें तुम्हांला समजावून सांगावयास नको. रोप लावल्यापासून फळ धरेपर्यंत सहा-सात वर्षें. चैत्र-वैशाखांत रोजचें पाणी. आळें करा, खत घाला, माडावर चढा, नारळ उतरवा. उषवदातानें त्यांतल्या एका तरी नारळीच्या बुडाशीं एक घडा ओतला असेल काय? यादींत दात्याचें नांव आहे, घेणाऱ्याचें आहे, गांवाचें आहे, झाडांची मोजदाद आहे. लावणाऱ्याचें नांव नाहीं. सोळा गांवें दिलीं, म्हणजे त्या गांवांचा वसूल दिला. तो वसूल ज्याच्या नांगरामागून निघाला त्याचा पत्ता नाहीं. नाव फुकट होती ती उतारूला. वल्हें मारणाऱ्याच्या घरची चूल कशावर पेटत होती, हें विचारण्याची तसदी लेख लिहिणारानें घेतली नाहीं. आमच्या म्हातारीचा पणजा एकोणीसशें वर्षांपूर्वींही रजिस्टरांत नव्हताच!

पण थांबा. ही अर्धी हकीकत झाली. उरलेली अर्धी आमच्या मुलांना कोणी सांगत नाहीं, म्हणून ती ठळक अक्षरांत लिहावी लागते.

त्याच काळाच्या आगेमागें याच सह्याद्रीच्या दगडांवर कष्टकरी लोकांनीं आपलीं नांवें आपण कोरविलीं आहेत. वसईहून कान्हेरी किती लांब? तेथें कल्याणच्या नंद नांवाच्या कामारानें, म्हणजे लोहारानें, वाट बांधून दिल्याचा लेख आहे. कल्याणच्याच सामिदत्त सोनारानें पाण्याची टांकी खोदविली. सोपाऱ्याच्या सामिक नांवाच्या व्यापाऱ्यानेंही टांकी दिली. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारावर धेनुकाकटच्या सामि नांवाच्या सुताराचें नांव आहे. वेणुवासाचा पुत्र, म्हणून बापाच्या नांवासकट. नाशिकास मुगुदास नांवाच्या माणसानें लेणें दिलें. त्याच्या नांवामागचा शब्द अभ्यासकांनीं ‘कोळी’ असा लाविला आहे. या मंडळींनीं धंदा लपविला नाहीं. नांवाबरोबर लोहार, सोनार, सुतार असें मोठ्या मानानें लिहविलें.

आणि या कारागिरांच्या श्रेणींची पत केवढी होती तें पाहा. त्याच उषवदातानें आपले तीन हजार कार्षापण ठेवावयाचे म्हणून कोणाकडे ठेविले? गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे! एकीकडे दोन हजार, दरमहा शेंकडा एक व्याजानें. दुसरीकडे एक हजार, पाऊण टक्क्यानें. पहिल्या रकमेचें व्याज वर्षाला दोनशें चाळीस. त्यांतून वीस भिक्षूंच्या चिवरांसाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण. हिशेब चोख बसतो. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, म्हणजे बुरुडांच्या श्रेणीकडे, आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेवी ठेविल्याची नोंद आहे. ज्या बुरुडाला पुढच्या काळानें गांवाच्या कडेला बसविलें, त्याच्या हातीं एके काळीं लोक विश्वासानें पैका देत होते.

आतां सोपाऱ्यास या. तेथें मातीचें एक मोठें टेकाड होतें. गांवकरी त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. जुने लोक गोष्ट सांगत कीं, हा राजा रयतेकडून कर घेत नसे. स्वतः टोपल्या विणून पोट भरी. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तें टेकाड खणविलें, तेव्हां आंत बौद्ध स्तूप निघाला. दगडी पेटींत डब्यांत डबे, सोन्याचीं फुलें, मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे, आणि यज्ञश्री सातकर्णीचें चांदीचें नाणें मिळालें. शिकलेले लोक म्हणाले, "बुरूड राजा वगैरे अडाण्यांच्या कल्पना." मी म्हणतों, स्तूप होता हें खरें, पण गोष्टही फुकट गेलेली नाहीं. ज्यांना लिहितां येत नव्हतें त्यांनीं आपल्या मनांतला राजा जपून ठेविला: कर न घेणारा, हातानें कमावून खाणारा. उषवदाताची यादी दगडांत टिकली. रयतेची यादी ही अशी तोंडांत टिकली. पंडितांचें नांव पुस्तकांत आहे, आणि तें योग्यच आहे. पण त्या टेकाडावर ज्यांनीं कुदळ मारली, घमेलीं वाहिलीं, त्या मजुरांचीं नांवें कोणी मला सांगेल काय?

त्याच १८८२ सालीं सोपाऱ्यांत भातेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. नवव्याचा तुकडा पुढें १९५६ सालीं भुईगांवांत मिळाला. आठव्या लेखांत अशोक काय सांगतो? पूर्वींचे राजे शिकारीच्या सफरीला जात. मी धर्मयात्रेला जातों. श्रमण-ब्राह्मणांना भेटतों, वृद्धांना भेटतों, आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांनाही भेटतों. सम्राटाला खेडुतांची भेट दगडावर कोरण्याजोगी वाटली. आमच्या इतिहासकारांना मात्र खेडूत भेटावयास अजून सवड झाली नाहीं! १७३९ सालीं वसईचा किल्ला पडला. चिमाजी आप्पांचें नांव लहान पोरही सांगतें, आणि सांगावेंच. परंतु तटाखालीं सुरुंग खोदतां खोदतां जे गाडले गेले त्यांतल्या दहांचीं तरी नांवें आमच्या शाळेच्या पुस्तकांत आहेत काय? पोथी आणि लेखणी ज्यांच्या घरीं होती, त्यांनीं आपल्या ओळखीचें तेवढें लिहिलें. हा त्यांचा दोष.

आतां आपला दोष सांगतों, राग मानूं नका. आज जो तो जातीचा मेळावा भरवितो आणि पहिला ठराव काय करतो? आमचें कुळ अमक्या राजाचें! फलकावर मुकुट, तलवार, घोडा. अहो, प्रत्येकजण राजाच्या पोटीं आला, तर त्या बत्तीस हजार नारळी शिंपल्या कोणीं? टांकीं कोणीं खोदलीं? राजे येतात आणि जातात. नाशिकजवळ जोगळटेंभीस १९०६ सालीं नाण्यांचा मोठा सांठा निघाला. त्यांत नहपानाच्या हजारों नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप मारलेला आहे. धनी बदलला, नाणें बदललें. हातोडा मारणारा कारागीर तेवढा कायम. त्या हातोड्याचे वारस म्हणवून घ्यावयास लाज कां वाटावी? बौद्ध ग्रंथांत सोपाऱ्याचा सर्वांत मोठा पुरुष पूर्ण. त्या कथेंत तो दासीचा मुलगा आहे. व्यापारांत नांव काढून तो पुढें बुद्धाचा शिष्य झाला, आणि ग्रंथकारानें त्याचें दासीपुत्रपण झांकलें नाहीं.

त्या दासीचें नांव मात्र विचारूं नका. तसेंच वसईस जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया: १५९७ सालीं जपानांत नागासाकीस क्रुसावर मेले, १८६२ सालीं त्यांना संतपद मिळालें. बाप पोर्तुगीज, आई इथलीच बाई, एवढेंच सांगतात. मीं सातवीच्या मुलांना सांगितलें, चार पिढ्यांचीं नांवें लिहून आणा. पणज्याचें नांव कित्येकांनीं आणलें. पणजीचें एकाही पोराला सांगतां येईना. सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणून आईवरून ओळखले जात. आमच्या राज्यांत १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नांवापुढें सरकारी कागदांत आईचें नांव लिहिणें सक्तीचें झालें. बरें झालें, पण त्याआधींच्या आयांचें काय?

कोणी म्हणेल, "मास्तर, नांवानें पोट भरतें काय?" भरतें, दादा. वनहक्काच्या २००६ च्या कायद्याचे नियम वाचा. त्या कायद्याखालीं दावा करणाराला त्याचें घर, त्यानें घातलेले बांध, सपाट केलेली जमीन, हें पुराव्यांत धरतात. आणि गांवच्या वृद्धांनीं सांगितलेलें लिहून काढलें तर तेंही धरतात. म्हणजे झाडाची व बांधाची ‘नक्कल’ अगदींच चालत नाहीं असें नाहीं! मग दाखल्याच्या कचेरींतही हाच न्याय कां नको? वृद्धांची लिहिलेली साक्ष आणि जमिनीवरची खूण तेथेंही मानलीच पाहिजे, ही मागणी आपण एकजुटीनें केली पाहिजे.

परंतु मागण्याआधीं लिहा. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि कितीएक ग्रामपंचायतींचा कारभार संपला. वाड्या विकल्या जात आहेत, विहिरी बुजत आहेत, रहाट कुजून गेले. म्हातारीं माणसें एक एक करून चाललीं. शंभर पानांची एक वही आणा. घरांतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. आजा, आजी, पणजा, पणजी, त्यांचीं नांवें लिहा. आणि नांवासमोर धंदा लिहा, कल्याणच्या नंद लोहारानें लिहविला तसा: माडावर चढणारा, मिठागरावर खपणारी, टोपल्या विणणारा, मासळीची पाटी डोक्यावर वाहणारी. कोणती विहीर कोणीं खणली, कोणता बांध कोणीं घातला, कोणती नारळ कोणीं लावली, सारें लिहा. खालीं तारीख घाला, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं शाळेंत यावें; मी संध्याकाळीं सहापर्यंत बसतों.

त्या म्हातारीची वही मीं स्वतः लिहावयास घेतली आहे. पहिल्या पानावर तिच्या सासऱ्याचें नांव आणि त्यानें लावलेल्या नारळींची संख्या आहे. बत्तीस हजार नाहींत; अवघ्या सदतीस आहेत. पण त्या सदतिसांना पाणी कोणीं घातलें, तें मात्र लिहिलेलें आहे.

— एक शाळामास्तर, तालुका वसई