सात वर्षांची उमेदवारी

मध्यमवर्गीय घरात ‘धरसोड’ या शब्दाइतका जिव्हारी लागणारा शब्द दुसरा नसेल. मुलगा एखाद्या वर्षी नापास झाला तरी चालते. पण एक सोडून दुसरे धरू लागला, की वडील मंडळींची झोप उडते. त्यातून त्याने सिनेमाचे नाव काढले, तर बोलायलाच नको!

अशा घरांसाठी पु. ल. देशपांडे यांची ही हकिकत.

१९४७ साली ‘कुबेर’ बोलपटातून पु. ल. पडद्यावर आले. १९४८ च्या ‘वंदे मातरम्’मध्ये ते सुनीताबाईंसह दिसले, १९५० च्या ‘पुढचं पाऊल’मध्ये हंसा वाडकरांचे नायक झाले. अभिनय करता करता ते लिहू लागले, चाली बांधू लागले. आणि १९५३ साली आला ‘गुळाचा गणपती’. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका, सारे एकट्याचे! गीते तेवढी गदिमांची. त्यातले भीमसेन जोशींनी गायिलेले अभंगाच्या वळणाचे गाणे आषाढी जवळ आली, की आजही कानी पडते.

आता गाडी रुळावर आली, असे कोणीही म्हणाले असते. नेमके तेव्हाच पु. ल. गाडीतून उतरले! पुन्हा त्यांनी चित्रपट दिग्दर्शित केला नाही. बेळगावात आणि मुंबईत मराठीची प्राध्यापकी केली. १९५५ साली ते आकाशवाणीत गेले. शेजारच्या काकांचा निकाल ठरलेला : “सात वर्षे फुकट घालवली!”

खरेच का फुकट गेली? १९५८ साली ‘बटाट्याची चाळ’ पुस्तकरूपाने आली आणि पुढे पुलंनी तिचा एकपात्री प्रयोग केला. नेपथ्याचा डामडौल नाही. एकच माणूस उभा राहतो आणि सारी चाळ नांदू लागते. वाक्य लिहिणारा, ते बोलणारा आणि कुठे थांबायचे ते ठरवणारा, हे तिघे एका अंगात असल्यावाचून हे साधत नाही. त्या तिघांची सोयरीक, माझ्या मते, चित्रपटाच्या त्या उमेदवारीत पक्की झाली. जब्बार पटेलांच्या ‘एक होता विदूषक’ची पटकथा त्यांनी लिहिली, तो चित्रपट आला १९९२ साली. म्हणजे सोडलेलेही पुरते सुटले नव्हते!

प्रत्येक धरसोड्या पु. ल. होत नाही, हे खरे. पण मुलाने काय सोडले, एवढेच मोजू नये. निघताना पदरात काय बांधून घेतले, तेही पाहावे. पदर रिकामा दिसला, तर मात्र खुशाल रागवावे!