अव्वाची वही

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या घरात एक कार्यक्रम ठरलेला असतो. लेकीच्या गेल्या वर्षीच्या वह्या काढायच्या, त्यांतली मागची कोरी पानं अलगद सोडवायची आणि दाभणानं शिवून त्यांची रफ वही करायची. तुमच्याकडेही हे होतच असेल. माझ्या माहेरी, अक्कलकोटला, अव्वा हे काम दुपारची जेवणं आटोपल्यावर काढायची. आम्ही भावंडं भोवती बसायचो. "सूजी कोडु" म्हटलं की मी सुई द्यायची, "दारा" म्हटलं की धाकट्यानं दोरा. कागदाला कागदाच. पुठ्ठ्याला रट्टु म्हणतात एवढंच काय ते वेगळं. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या मुलांना शब्द असे हाताबरोबरच येतात, शिकवावे लागत नाहीत.

लग्न होऊन मी बुऱ्हाणपूरला आले त्याला आता बावीस वर्षं झाली. गाव मध्य प्रदेशात, पण रावेर ओलांडलं की आलंच. घरात मराठी, दारात हिंदी, बाजारात उर्दू आणि गुजरातीसुद्धा. कन्नड मात्र माझ्यापुरतं. बंगळूरहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस कलबुर्गी, सोलापूर करत याच मार्गानं पुढं जाते. सुरुवातीला तिची वेळ झाली की उगीच जीव वर-खाली व्हायचा. येताना ट्रंकेत साड्यांच्या खाली अव्वाची एक वही मी आणली होती.

वही म्हणजे काय, दोनशे पानी जाड रजिस्टर. अव्वा चौथीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेली. तिनं त्यात सगळं लिहून ठेवलं होतं. शेंगा होळगी, हुग्गी, उन्हाळी पापड, काळा मसाला. मधेच कुणाच्या बाळंतपणाची तारीख, कुणाला किती उसने दिले त्याचा हिशोब. तिची एक सवय होती. कृती पानाच्या मध्यावर आणि प्रमाण उजव्या कडेला, समासात. मसाल्याला धने किती, मिरच्या किती, तीळ किती, सगळे आकडे कडेला.

अव्वा गेली आणि पुढच्याच वर्षी वहीची शिवण सुटली. पानं निसटायला लागली. मी ती एका दुकानात बांधायला दिली. चार दिवसांनी वही आली ती अगदी नव्यासारखी. रेक्झिनचं कव्हर, वर सोनेरी रेघ. घरी येऊन उघडली आणि पोटात गोळाच आला. पानं एकसारखी दिसावीत म्हणून चारही बाजूंनी मशीनवर कापली होती. समासातले आकडे गेले होते. धने आहेत, किती ते नाही. मिरच्या आहेत, किती त्या नाहीत.

त्या माणसाला तरी काय बोलणार? लिपी त्याला येत नव्हती आणि "कडा कापू नका" हे मी सांगितलं नव्हतं. कापलेल्या पट्ट्या रद्दीत गेल्या होत्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सासूबाई जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "सूनबाई, उरलंय ते तरी नीट सांभाळ. आता कुणाच्या हाती देऊ नको, स्वतः शिक."

आणि मी शिकले.

शिकायला गावही बरं मिळालं. बुऱ्हाणपूर म्हटलं की लोकांना मुमताजमहल आठवते, कारण 1631 मध्ये ती इथंच वारली. पण हे गाव पुस्तकांचंही होतं. दोहे लिहिणारे रहीम, म्हणजे अब्दुल रहीम खानखाना, मोगलांचे दक्षिणेतले सरदार म्हणून इथं बरीच वर्षं होते. त्यांचा ग्रंथसंग्रह नावाजलेला. नहावंदी नावाच्या इराणी लेखकानं त्यांच्या पदरी राहून इथंच 'मआसिर-इ-रहीमी' हा ग्रंथ लिहिला आणि 1616 मध्ये पुरा केला. त्यात सरदारांच्या आणि कवींच्या बरोबरीनं ग्रंथालयात काम करणारे लेखनिक, चित्रकार आणि जिल्द बांधणारे यांचीही दखल घेतलेली आहे. रहीम यांनी करवून घेतलेलं सचित्र रामायण आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. चारशे वर्षं पानं टिकतात ती कुणीतरी ती नीट शिवली, वेळोवेळी उसवून पुन्हा शिवली म्हणून.

आपल्याकडचंही आठवतं. कर्नाटकातल्या मठांतून आणि जुन्या घरांतून 'कडत' असायचे. कापडाला चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड लावून काळं करायचं, घड्या घालून वही करायची आणि बळपानं पांढरं लिहायचं. पुसून पुन्हा लिहिता यायचं. शृंगेरी मठाचे जुने हिशोब अशा कडतांत आहेत. म्हणजे कापड, खळ आणि घडी, एवढ्यावर वही होते. बुऱ्हाणपूर काय, सोलापूर काय आणि इचलकरंजी काय, मागांच्या गावात या तीन गोष्टींना तोटा नाही.

आता कृती सांगते. पहिल्यांदा साधी, एकाच जुजाची वही करून बघा. एकात एक घालून दुमडलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला जुज म्हणतात.

साहित्य: ए-4 आकाराचे आठ कागद, कव्हरसाठी एक जाड कागद, दाभण, मोठी सुई, जाड सुती दोरा, मेणबत्तीचा तुकडा.

कागद घेताना एक बघायचं. कागद एका दिशेनं सहज वाकतो, दुसऱ्या दिशेनं कुरकुरतो. ज्या दिशेनं सहज वाकतो तीच घडी पाठीकडे यायला हवी, नाहीतर वही उघडताना कायम अडते. आठही कागद मधोमध दुमडून एकात एक घाला, वरून कव्हर घाला. सोळा पानांची, म्हणजे 32 पृष्ठांची वही झाली. घडीवर आतून तीन भोकं पाडा. एक मधोमध, बाकीची दोन्ही टोकांपासून तीन-तीन सेंटिमीटरवर. दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट घ्या आणि मेणावरून ओढून घ्या, म्हणजे तो गुंतत नाही.

सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, दोऱ्याचं टोक वीतभर आत राहू द्या. वरच्या भोकातून आत या. आतल्या बाजूनं थेट खालच्या भोकाशी जा आणि बाहेर पडा. मग मधल्या भोकातून परत आत. आता दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन त्याच्यावर गाठ मारा. झालं! दोरा ओढताना पानांना समांतर ओढा, वर उचलून ओढलात तर कागद फाटतो.

जाड वहीसाठी चार-चार कागदांची जुजं करायची आणि एकापाठोपाठ एक शिवत जायचं. पाठीवर आडव्या तीन नाड्या ठेवून टाके त्यांच्यावरून घ्यायचे. दुकानात त्यासाठी वेगळी फीत मिळते, पण परकराची सुती नाडी उत्तम चालते. प्रत्येक जुज संपलं की टोकाशी दोरा खालच्या जुजात अडकवायचा. पाठीला मांजरपाटाची पट्टी खळीनं चिकटवायची. पुठ्ठे पानांपेक्षा तीन बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर मोठे कापायचे, वर जुन्या साडीचं कापड चढवायचं.

खळ घरची. दोन चमचे मैदा दहा चमचे पाण्यात गुठळी न होऊ देता कालवा आणि मंद आंचेवर पारदर्शक होईतो शिजवा. कीड लागू नये म्हणून दुकानातले बांधणारे तीत मोरचूद घालतात. ते विषारी असतं, मुलाबाळांच्या घरात नको. लागेल तेवढीच ताजी करा. फेव्हिकॉल पुठ्ठ्याला चालेल, पण जुन्या पानांना लावू नका. खळ पाण्यानं सुटते, तो वाळला की सुटत नाही. उद्या कुणाला ही वही उसवायची वेळ आली तर पानं फाटता कामा नयेत. चिकटवून झाल्यावर वही दोन पाटांच्या मधे ठेवून वर वरवंटा किंवा जड डबा ठेवा. रात्रभर हलवू नका, नाहीतर पुठ्ठे वाकतात.

दहा-बारा वह्या बिघडवल्यावर मी अव्वाच्या वहीला हात लावला. रेक्झिन काढलं. पाठीकडूनही कापल्यामुळं सगळी पानं सुटी झाली होती. त्यांना शिवायला घडीच उरली नव्हती. मग पातळ पण चिवट कागदाच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक पट्टीनं दोन-दोन सुटी पानं जोडली, म्हणजे पट्टीवर पुन्हा घडी तयार झाली. दोनशे पानांना शंभर पट्ट्या. सगळा श्रावण त्यात गेला.

आकड्यांसाठी चिक्कव्वाला फोन लावला. अव्वाची धाकटी बहीण, ब्याऐंशी वर्षांची. मी एकेक कृती वाचून दाखवायची, ती डोळे मिटून सांगायची, "बर्को," लिहून घे. काळ्या मसाल्याचं सगळं सांगितलं. होळगीचं सांगितलं. सांडग्यांपाशी थांबली. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "नेनपिल्ल यव्वा." आठवत नाही गं बाई. अशा सात कृती राहिल्या. त्यांच्या पुढची जागा मी कोरी ठेवली आहे.

लेकीला कन्नड बोललेलं थोडं कळतं, वाचता येत नाही. म्हणून शिवताना अव्वाच्या प्रत्येक पानासमोर एक कोरं पान घातलं. मी वाचते, ती समोरच्या पानावर देवनागरीत लिहिते. शब्द कन्नडच, अक्षरं तिची. इथल्या जामा मशिदीत फारुकी राजानं 1590 च्या सुमारास अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरवून घेतला आहे. तो दाखवायला मी तिला नेलं होतं. ती म्हणाली, "आई, आपल्या वहीसारखंच की!"

तुमच्या घरीही अशी एखादी वही असेल. ओव्यांची, हिशोबाची, औषधांची. शिवण सुटली असेल तर या सुट्टीत काढा. बाहेर द्यायची असेल तर दोन गोष्टी आधी बजावून सांगा. कडा कापायच्या नाहीत आणि पाठ कापायची नाही. आणि समासात काही लिहिलेलं असेल, तर ज्यांना आठवतं त्यांना आजच फोन करा.

गेल्या आठवड्यात मसाला केला. धने चिक्कव्वानं सांगितले तेवढेच घेतले. सासूबाईंनी चमचाभर आमटी हातावर घेऊन चाखली आणि म्हणाल्या, "तुझ्या आईनं पाठवायची, तोच हा."