सिद्दू फणसाचा करार हा नियम व्हावा

तुमकूरु जिल्ह्यातील चेळूर गावी एका शेतकऱ्याच्या बांधावर तांबूस लाल गऱ्यांचा फणस होता. फळ जेमतेम अडीच किलोचे, म्हणजे एका कुटुंबात एका बैठकीत संपणारे. बंगळूरुच्या हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने या झाडाची निवड केली आणि २०१७ मध्ये झाडाच्या मालकाशी लेखी करार केला. कलमांच्या विक्रीतील ७५ टक्के रक्कम शेतकऱ्याची, २५ टक्के संस्थेची. ‘सिद्दू’ हे नावही त्याच घरातले.

या कराराचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु तो संस्थेच्या सद्‌बुद्धीने झाला, नियमाच्या सक्तीने नव्हे. भारतीय पेटंट कायदा वनस्पती, बियाणे व वाण यांना पेटंट देत नाही. २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्यालाही पैदासकार मानतो, फळझाडांच्या वाणाला १८ वर्षांपर्यंत संरक्षण देतो. लाभातील वाट्याची तरतूदही त्यात आहे. मात्र तो वाटा मागावा लागतो, आणि तोही वाणाची नोंदणी झाल्यानंतर. झाडाची काडी मात्र पहिल्याच भेटीत गेलेली असते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या २००६ च्या बौद्धिक संपदा मार्गदर्शक तत्त्वांत संशोधकांना उत्पन्नातील हिस्सा मिळण्याची सोय आहे. तितकीच स्पष्ट सोय मूळ झाड राखणाऱ्यासाठीही हवी.

हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेल्या धानाला एचएमटी हे घड्याळाचे नाव मिळाले. योगायोग असा, की ती घड्याळे करणारी कंपनीही बंगळूरुचीच. तो तांदूळ देशभर विकला गेला. दादाजी २०१८ मध्ये निवर्तले, ते हलाखीतच. त्यांनी वाण निवडला तेव्हा असा कायदा नव्हता, ही सबब आज चालणार नाही.

प्रत्येक झाडामागे करार केल्यास सर्वेक्षणे रखडतील, अशी शंका घेतली जाते. सर्वेक्षणाला करार लागतच नाही. तो लागतो कलमकाडी उचलताना, आणि तोही एका पानाचा पुरतो: झाड कोणाचे, कलमे कोण करणार, खासगी रोपवाटिकेला परवाना दिल्यास वाटा किती. मजकूर मराठीत असावा आणि एक प्रत शेतकऱ्याच्या घरी राहावी.